ऑफसाइड होता

“ऑफसाइड होता!” निसार बागवानानं चहाचा ग्लास कट्ट्यावर असा आपटला, की निम्मा चहा त्याच्याच पायजम्यावर सांडला. “हातभर ऑफसाइड! आंधळ्यालाबी दिसला असता.”

“आंधळ्याला दिसला असंल, लाइनमनला न्हाई दिसला,” रंगराव आप्पा म्हणाले. “आन् झेंडा लाइनमनच्या हातात असतोय.”

“दौलतनं हात वर केला होता की!”

“दौलत काय रेफ्री हाय?”

सोमवारची सकाळ होती, साडेसात वाजले असतील. आदल्या दिवशी हरलेल्या मॅचचं मढं मधे ठेवून आम्ही चिंचेच्या तालमीच्या कट्ट्यावर बसलो होतो. कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम आणि तालमीतालमीला फुटबॉलची टीम. कुस्ती कधीच मागं पडली, नाव तेवढं तालीम राहिलं. सत्त्याण्णव सालची गोष्ट. आमच्या टीममध्ये कलकत्त्याची दोन पोरं करारावर आणलेली होती, एक गोव्याचा होता, बाकी सगळे पेठेतले.

रविवारी सामना एक-एक बरोबरीत होता. सहा मिनिटं राहिली होती. उजवीकडून लांब बॉल आला. आमचा स्टॉपर, म्हणजे गोलापुढं मधोमध बचाव करणारा, आणि कॅप्टन दौलत साळोखे जागेवरच उभा राहिला. पळाला नाही, वळला नाही, ऑफसाइड मागतात तसा नुसता हात वर केला. समोरचा फॉरवर्ड त्याच्या उजव्या अंगानं निघून गेला, गोल घातला, नाचत परत आला, तरी ह्याचा हात वरच.

“येत्या रविवारी त्याला बाहेर बसवा,” आप्पा म्हणाले. आप्पा तालमीचे अध्यक्ष. सत्तरी गाठलेली, दोन्ही गुडघे गेलेले, मतं मात्र शाबूत. “चौतीस वर्षांचा घोडा झालाय. त्या कलकत्त्याच्या बिस्वासला स्टॉपर खेळवा.”

“बिस्वासला? खणीवाल्यांसमोर?” निसार हसला. निसारचा फळांचा गाडा होता. तीस वर्षांतला प्रत्येक गोल त्याला तोंडपाठ. “कॉर्नरचा बॉल आला की डोळं मिटतंय ते पोरगं. आप्पा, अठ्ठ्याऐंशीची फायनल इसरलात व्हय? शेवटचा मिनिट, कीपर खाली पडलाय, आन् दौलतनं लाइनीवरनं बॉल काढला. टाचेनं!”

“टाचेनं न्हाई, छातीनं.”

“छातीनं? काय बोलताय, मी गोलाच्या मागं बसलो होतो.”

“मास्तर, तू सांग,” आप्पा माझ्याकडं वळले. “कशानं काढला?”

“डोक्यानं,” मी म्हणालो. “फलकावर तसंच लिहिलं होतं मी.”

“मग डोक्यानंच,” निसार म्हणाला आणि वाद मिटला.

माझं वजन होतं ते एवढं. तालमीच्या भिंतीला, चिंचेखाली, सिमेंटचा काळा फलक होता. मॅचच्या दुसऱ्या दिवशी त्यावर टीमबद्दल काय ते खडूनं लिहायचं. जुन्या वस्तादांनी नियम घालून दिलेला: लिहील तो एकच माणूस, पुसेल तोच, आणि पुढची मॅच होईपर्यंत त्या अक्षरांना कुणी हात लावायचा नाही. चांगलं असो, वाईट असो, पेठेनं आठवडाभर ते बघायचं. बारा वर्षं लिहिणारा मी होतो. बळवंत लोहार, नववी नापास, उद्यमनगरात लेथवर टर्नर. मला शुद्धलेखन कुणी शिकवलं नाही आणि मीही कुणाला विचारायला गेलो नाही. पण जर्सीवर स्वतःचं नाव छापायला निघालेल्या नगरसेवकाला “नाव पाहिजे तर मैदानात उतरून पळ” असं लिहिणारा मीच होतो, आणि त्याची माणसं दारात आली तेव्हा हातात पाना घेऊन उंबऱ्यावर बसणाराही मीच. लोक मला मास्तर म्हणायचे. निम्मे चेष्टेनं, निम्मे भिऊन. मला दोन्ही आवडायचं.

“आता गुणांचं बघा,” निसार बोटं मोजायला लागला. “आठ टीम, वरच्या चार सेमीफायनलला. आपण धा गुणांवर चौथं. खणीवरची तालीम नवावर पाचवी. शेवटची मॅच त्यांच्याशीच, रविवारी. बरोबरी केली तरी आपण आत.”

“आन् हरलो तर?”

“हरलो तर पेठेत तोंड दाखवायचं न्हाई.”

खणीवाले आणि आम्ही एकमेकांच्या गल्लीत सोयरीकसुद्धा करत नव्हतो.

“काल हात वर न करता पळाला असता तर आज आपण कट्ट्यावर पेढे खाल्ले असते,” आप्पा म्हणाले.

“त्याच्या आधी बॉल बसला होता त्याच्या तोंडावर,” निसार म्हणाला. “जवळनं. पाणी मारून उठला.”

“बसतोच की बॉल. फुटबॉल हाय, चेंडूफळी न्हाई.”

मी उठलो. खडू घेतला आणि लिहिलं:

हात वर करून मॅच वाचत नाही.
दौलतराव, पाय चालत नसतील तर बूट खुंटीला लावा.
खुंटी आम्ही ठोकून देतो.

आप्पा हसून हसून खोकायला लागले. निसारनं ओळी पुन्हा वाचल्या.

“जरा जास्त झालं, मास्तर.”

“खोटं आहे?”

“खोटं न्हाई.”

“मग जास्त कसं?”

निसार पायजम्यावरचा चहाचा डाग चोळायला लागला, आणि मला ते फार आवडलं.

दौलत आणि मी एकाच वर्गात होतो. पाचवीत असताना आमच्या दोघांत मिळून बुटांचा एकच जोड होता. तो उजवा घालायचा, मी डावा. मी लवकर थांबलो, त्याच्या पायात काहीतरी होतं म्हणून तो पुढं गेला. मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर काम, संध्याकाळी मैदान, असं त्यानं सोळा वर्षं केलं. हा त्याचा शेवटचा हंगाम हे सगळ्या पेठेला माहीत होतं. सेमीफायनल खेळायची, आणि मग स्वतःच्या हातानं कॅप्टनचा पट्टा पुढच्या पोराच्या दंडाला बांधायचा, एवढंच तो वर्षभर बोलत होता. त्यासाठी रविवारी टीममध्ये असणं भाग होतं.

नऊच्या सुमाराला तो सायकलवरून आला. एक पाय टेकवून उभा राहिला आणि फलक वाचायला लागला. तीन ओळी वाचायला माणसाला एवढा वेळ लागत नाही. मान वाकडी करून, एकेक अक्षर उचलल्यासारखा तो वाचत होता. मला वाटलं, मला हिणवतोय.

“अक्षर चांगलं हाय, मास्तर,” तो म्हणाला आणि सायकल हातात धरून चालत गेला.

बुधवारी मी शिफ्टवरून येत होतो, तर त्याची बायको शालन फलकासमोर उभी. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात ओलं फडकं.

“काय वहिनी?”

“भावजी, हे पुसा.”

“रविवारनंतर पुसणार की.”

“आज पुसा. तुम्ही न्हाई तर मी पुसते.”

“तसं चालत नाही. मॅच होईपर्यंत पुसायचं नसतं. नियम आहे.”

“कुणी केला नियम?”

“वस्तादांनी.”

“ते मरून वीस वर्षं झाली.”

“नियम माणसाबरोबर मरत नाही, वहिनी.”

ती काहीतरी बोलणार होती. ओठ हलले तिचे. मग फडकं पिशवीत कोंबलं.

“ह्यांनी मला शपथ घातलीया,” ती म्हणाली. “न्हाईतर मी सांगितलं असतं तुम्हाला, नियम म्हंजे काय ते.”

बाई चिडल्यात, नवऱ्याची पेठेत शोभा झाली म्हणून चिडल्यात, असं मी समजलो. घरी जाऊन भाकरी खाल्ली.

आमच्याकडं टीम ठरते ती मॅचच्या आदल्या संध्याकाळी, तालमीत, सगळ्यांच्या समोर. मारुतीपुढं सगळ्यांनी आपापले बुटांचे जोड मांडायचे. अध्यक्षांनी नाव घेतलं की खेळाडूनं पुढं यायचं, आपला जोड उचलायचा. ज्याचं नाव येत नाही, तो शेवटी आपला जोड पिशवीत घालून घरी जातो. शनिवारी तालमीत पाय ठेवायला जागा नव्हती. दहा नावं झाली. स्टॉपरच्या जागेवर आप्पा थांबले.

“आता बोला. बिस्वास का दौलत?”

सगळे एकदम बोलायला लागले. निसार उभा राहून ओरडला, “खणीवाल्यांचा तो उंच फॉरवर्ड, त्याला हवेत कोण गाठणार? दौलतच!” कुणी म्हणालं, “गाठंल, आन् हात वर करंल.” हशा झाला. बिस्वासला मराठी कळत नव्हतं. तो नुसता मारुतीकडं बघत होता. दौलत खांबाला टेकून उभा होता.

“मला खेळायचंय,” तो म्हणाला. त्याचा आवाज कधी चढत नसे. “पुरी मॅच.”

“मास्तर, तुझं काय म्हणणं?” आप्पांनी विचारलं.

मी नको म्हटलं असतं तर नको झालं असतं. दौलत माझ्याकडं बघत होता, तेही पुन्हा मान वाकडी करून. हा गडी अजून मला हिणवतोय, असं माझ्या डोक्यात बसलं.

“खेळू दे,” मी म्हणालो. “पण पुरी मॅच म्हणजे पुरी मॅच. मधे बाहेर यायचं नाही. आणि हात खाली ठेवायचा.”

पुन्हा हशा.

“खाली ठेवीन,” दौलत म्हणाला. पुढं आला आणि आपले बूट उचलले.

रविवारी स्टेडियम चारच्या आधीच भरलं. आमच्या गॅलरीत आम्ही, समोरच्या गॅलरीत खणीवाले, मधे पोलीस. आया-बहिणींचा उद्धार सुरू झाला तेव्हा टीम अजून बाहेरसुद्धा आल्या नव्हत्या.

त्या दिवशी दौलत जसा खेळला तसा मी त्याला कधी बघितला नव्हता. पाय जड होते, ते दिसत होतं. पण बॉल हवेत आला की तो त्याचाच. खणीवाल्यांचा तो उंच फॉरवर्ड उडी मारायचा आणि दौलतचं डोकं त्याच्या आधी तिथं असायचं. निसार मोजत होता. “सात... आठ... बघा म्हणावं, घोडा म्हातारा झालाय!”

एक गोष्ट मला खटकली. उजवीकडं बघायचं असलं की तो मान वळवायचा नाही, अख्खा वळायचा, बैल वळतो तसा. “मान धरलीय वाटतं,” मी म्हणालो. “धरू दे,” निसार म्हणाला. “डोकं चाललंय की.”

हाफटाइमला शून्य-शून्य. नंतर त्यांनी आम्हाला गोलात दाबून धरलं. दौलत दोनदा खाली पडला. दुसऱ्या वेळी उठायला त्याला वेळ लागला. गुडघ्यावर बसून तो डोळ्यासमोरून हात फिरवत होता, माशी हाकलावी तसा. कलकत्त्याच्या दुसऱ्या पोरानं बेंचकडं बघून खूण केली, ह्याला बदला. दौलतनं त्या पोराचा हात धरून खाली ओढला. मी गॅलरीतून ओरडलो, “ऊठ, दौलतराव! खुंटी तयार आहे!” माझ्या आजूबाजूची शे-दीडशे माणसं हसली. हे मी ओरडलो होतो. दुसऱ्या कुणी नाही.

शेवटच्या मिनिटाला कॉर्नर. पहिला बॉल दौलतनं डोक्यानं काढला, तो परत आला. दुसरा काढला, परत आला. तिसरा थेट त्यांच्या माणसाच्या पायातून तोफेसारखा सुटला आणि लाइनीवर उभ्या असलेल्या दौलतच्या कपाळावर बसून बाहेर गेला. शिट्टी झाली. शून्य-शून्य. आम्ही सेमीफायनलमध्ये.

पुढं काय झालं ते कोल्हापुरात राहणाऱ्याला सांगायला नको. हलगी, गुलाल, कुणाच्या तरी खांद्यावर आप्पा. कलकत्त्याच्या पोरांना लोकांनी एवढा गुलाल फासला की ओळखू येईनात. “सतरा!” निसार रडत होता. “सतरा हेडिंगं! मास्तर, लिहा आता!”

मी आधी तालमीत गेलो. पाणी मारून फलक स्वच्छ पुसला. काय लिहायचं ते वाटेतच जुळवलं होतं, पण म्हटलं, दौलत समोर असताना लिहावं. मिरवणुकीत तो नव्हता. दमून घरी गेला असेल म्हणून, अंगावरचा गुलाल न झटकता, दिवेलागणीला मी त्याच्या घरी गेलो.

दार शालननं उघडलं.

“या, मास्तर.” एरवी ती भावजी म्हणायची. “वाचायला आलात का लिवायला?”

दौलत कॉटवर बसला होता. अंगात अजून जर्सी तशीच होती. खोलीत ट्यूब जळत होती. मी त्याच्या उजव्या बाजूला, दोन हातांवर उभा होतो.

“कोण हाय?” त्यानं विचारलं.

“कोण म्हणजे? मी.”

“बळ्या व्हय. डावीकडनं ये.”

मी तिथंच उभा राहिलो. त्यानं तोंड फिरवलं. उजवा डोळा लाल होता, पण उघडा होता, आणि तो माझ्याकडं बघत नव्हता.

“काय झालं?”

“पडदा आलाय. आठ दिवस कोपऱ्यातनं सरकत होता. आज पुरा आला.”

“आठ दिवस?”

“गेल्या रविवारी बॉल बसला न्हाई का तोंडावर. धा मिनिटांनी ह्या डोळ्यात वेल्डिंगगत चमकायला लागलं, मग निम्मं काळं. बॉल दिसंना मला. म्हटलं, बाहेर घ्या. हात वर केला.”

मला कळायला वेळ लागला. मी लेथवर काम करणारा माणूस. डोळ्यात कीस उडालेला कामगार काय करतो ते मी शंभरदा बघितलंय. मशीन सोडून हात वर करतो.

“ऑफसाइड म्हणून नाही?”

“कुठला ऑफसाइड? फॉरवर्डच दिसला न्हाई मला.”

आतल्या खोलीत शालननं स्टोव्हला पंप मारायला सुरुवात केली होती. ती थांबली.

“मंगळवारी डॉक्टरला दाखवलं,” ती आतूनच बोलली. “डोळ्याचा आतला पडदा सुटतोय, मिरजेला जावा म्हणाले, आजच्या आज. डोक्याला धक्का लागू द्यायचा न्हाई, वाकायचंबी न्हाई म्हणाले. डोक्यानं बॉल मारायचा तर लांबच ऱ्हायलं.”

“मग बोलला का नाहीस?” मी दौलतला विचारलं. माझा आवाज चढला होता. कुणावर चढला होता कोण जाणे.

“सोमवारी तेच सांगायला आलो होतो. तुला बाजूला घेऊन सांगणार होतो. तर तू आधीच लिवून मोकळा. आता सांगितलं असतं तर काय म्हणाला असता तुम्ही? निमित्त सांगतंय. तूच लिवला असतास, खुंटी नको म्हणून डोळा दाखवतोय.”

लिहिलं असतं. शब्दसुद्धा तेच असते.

“मला सांगायचं होतंस तरी. मी पुसलं असतं.”

“पुसलं असतं?” आतून शालन म्हणाली. बस, एवढंच म्हणाली आणि पुन्हा पंप मारायला लागली.

मी दाराशीच खाली बसलो. बाहेर रस्त्यावरून मिरवणूक चालली होती. दौलतच्या नावाचा जयघोष करत पोरं पुढं गेली. त्यातल्या एकानंही दारात डोकावलं नाही. त्यांना वाटलं असेल, तो पुढं कुणाच्या तरी खांद्यावर असेल.

“मी लिहितो,” मी म्हणालो. “आत्ता जाऊन सगळं लिहितो. हात कशाला वर केला होता, आम्ही काय समजलो, मी काय केलं. सगळं. माझ्या नावानं.”

“न्हाई.”

“दौलत, मी आजवर—”

“माझा डोळा तुझ्या फलकावर नको मला.” पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. “सकाळी सगळी पेठ वाचंल. नारळ आन् शाल घिऊन दारात येतील. माझा फोटू लावतील तालमीत. आन् पुढच्या वर्षी एखादं पोरगं मोडक्या पायानं उतरंल, दौलतदा खेळला की म्हणून. मला ठावं हाय ना आपली माणसं. तुलाबी ठावं हाय.”

“मग काय लिहू?”

“ऑफसाइड होता म्हणून लिही.”

“खोटं लिहू?”

“आठवडाभर खरं वाचलं की लोकांनी,” तो म्हणाला. “आता खोटं वाचू दे.”

फलकावर मी कधी खोटं लिहिलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं. त्या संध्याकाळी तालमीत परत गेलो. सगळे मिरवणुकीत, कट्ट्यावर काळं कुत्रं नव्हतं. मी लिहिलं:

तो गोल ऑफसाइड होता.
दौलत साळोखे बरोबर होता.
फलक चुकला.

तिसरी ओळ त्यानं सांगितली नव्हती.

सकाळी कट्ट्यावर जत्रा भरली. निसारनं सगळ्यांना संत्री वाटली. “मी सांगत न्हवतो? हातभर ऑफसाइड!” आप्पा माझ्यावर चिडले, “मास्तर, बारा वर्षांत पलटला न्हाईस, एका बरोबरीनं पलटलास?” मी सुट्टी टाकली होती. अकराच्या एसटीनं आम्ही तिघं मिरजेला गेलो, दौलत खिडकीशी, शालन मधे, मी कडेला. ऑपरेशन झालं. आठ दिवस आधी आला असतात तर, एवढंच डॉक्टर म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

गुळात घालतात तो चुना डोळ्यात गेला, असं पेठेत सांगितलं. सेमीफायनलला बिस्वास स्टॉपर खेळला. तीन-शून्य हरलो. कॅप्टनचा पट्टा दौलतनं घरीच, कॉटवर बसून, मागच्या गल्लीतल्या एका पोराच्या दंडाला बांधला. त्या वेळी माणसं मोजून चार होती. मी खडू आप्पांच्या हातात दिला आणि म्हणालो, दुसरा बघा. ते समजले, हरलो म्हणून रुसलाय.

हे सगळं आज लिहितोय, कारण दौलतला विचारलं. “फलक सोडून कुठंबी लिही,” म्हणाला. शालन वहिनींना विचारायची छाती झाली नाही.

आता आम्ही दोघंही साठीला टेकलोय. आप्पा गेले, निसार गेला. फलक आहे, पण त्यावर आता वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. टीममध्ये पेठेतली दोनच पोरं उरलीत, बाकी सगळे करारावरचे. सेमीफायनलला जाणार का नाही, त्यावर पोरं आता मोबाइलवर भांडतात, तेवढ्याच विषारीपणानं. तो सत्त्याण्णवचा गोल अजून निघतो. ज्यांचा तेव्हा जन्म झाला नव्हता ती पोरं सांगतात, हातभर ऑफसाइड होता.

मॅचला आम्ही दोघं जातो. एवढ्या वर्षांत त्याच्या उजव्या बाजूची जागा मी कुणाला दिलेली नाही. मैदानाचा उजवा कोपरा त्याला नीट दिसत नाही, तिकडं काय झालं ते मी सांगायचं. आवाज करून, भांडून, शिव्या खाऊन मी सांगत असतो.

गेल्या रविवारी त्या कोपऱ्यात दोन पोरं एकमेकांवर पडली आणि बॉल बाहेर गेला. मागची सगळी रांग उठून ओरडली, “आपला! आपला!”

“काय झालं रं?” दौलतनं विचारलं.

“थ्रो. आपला.”

“बघितलास?”

“हो.”

“तू बघितलास, का मागची पोरं म्हणत्यात म्हणून सांगतोयस?”

मी पुन्हा तिकडं बघितलं. बॉल मघाच माणसांच्या आड गेला होता.

“न्हाई,” मी म्हणालो. “मला दिसलं न्हाई.”

“मग तसं सांगायचं,” दौलत म्हणाला आणि शेंगांचा पुडा माझ्याकडं सरकवला.